मुठीचा काय गुन्हा?

माझ्या वडिलांचा दाढीचा ब्रश मी कशेळ्याच्या नाक्यावरील एका दुकानात नेला. मूठ शिसवी, कोण्या कातारी कारागिराने प्रेमाने कातलेली. केस मात्र निम्मे गळालेले. "यात दुसरे केस बसवून मिळतील का?" असे विचारताच दुकानदार हसला. म्हणाला, "काका, टाका तो. त्याहून स्वस्त नवा देतो!"

त्याच्या हिशेबात चूक नव्हती. नव्या केसांच्या झुबक्याला जे पैसे पडतात, त्याहून कमी पैशांत प्लास्टिकचा अख्खा ब्रश मिळतो. पण मी विचारतो, मुठीचा काय गुन्हा? केस झिजतात, कारण झिजणे हा त्यांचा धर्मच आहे. साबणाचे पाणी मुळाशी साचते, राळ सुटते, केस गळतात. मूठ मात्र आणखी दोन पिढ्या टिकेल. चाकराच्या चुकीसाठी धन्याला फाशी देण्याचा हा न्याय कोठला?

शेवटी ते काम मी घरीच केले. जुने केस तोंडाशी कापले, मधोमध बारीक भोक पाडून ते हळूहळू रुंद केले, जुनी राळ खरवडून काढली. खाच २२ मिलिमीटर भरली. त्या मापाचा झुबका आणवला. आधी तो गोंदाविना बसवून उंची पाहिली, मग दोन नळ्यांचा गोंद कालवून चिकटवला आणि एक दिवस हात लावला नाही. एवढेच! आता वापरून झाला की पाणी झटकून केस खाली करून टांगतो.

यावर आरोग्यवादी मित्र डोळे वटारतात. जुना ब्रश म्हणजे रोगाचे घर, असे ते म्हणतात. त्यांच्या म्हणण्याला इतिहासाचा आधार आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंड-अमेरिकेत नीट निर्जंतुक न केलेल्या घोड्याच्या केसांच्या ब्रशांतून काळपुळीचा रोग पसरला आणि माणसे दगावली. पण वाचकहो, रोग होता तो केसांत! म्हणजे टाकायचे ते केस, ठेवायची ती मूठ. हे तर माझेच म्हणणे झाले.

जिलेटने १९०४ साली आपल्या वस्तऱ्याचे पेटंट घेतले. पाते फेकायला त्यानेच जगाला शिकवले, पण मूठ त्यानेही राखली होती. १९७५ च्या सुमारास मुठीसकट फेकण्याचा वस्तरा आला आणि आपण त्यालाच प्रगती म्हणू लागलो. नवा ब्रश स्वस्त पडतो, कारण जुन्याच्या उकिरड्याचा खर्च त्याच्या किमतीत धरलेला नसतो.

२०२२ साली केंद्र सरकारने 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाईल, घरगुती यंत्रे, मोटारी यांचा विचार तिच्यापुढे होता. चांगले झाले. पण हक्क कागदावर मिळेल. दुरुस्त करणारा हात कोठून आणणार? हाताच्या कामाला हलके म्हणत आपण तो हात गमावत चाललो आहोत.

आणि हे कोणत्या मुलखात? भाई कोतवाल याच तालुक्यातले. माथेरानच्या एका नाभिक कुटुंबात जन्मले, वकील झाले आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर इंग्रजांच्या गोळ्यांना सामोरे गेले. त्यांच्या हुतात्मादिनी आपण हार घालतो. त्यांच्या घराण्यात ज्या हत्यारांवर पोट भरले, ती हत्यारे जपणाऱ्याला मात्र वेड्यात काढतो. हे अभिवादन अर्धे आहे, असे मला वाटते.

दिवाळीच्या पहाटे अभ्यंगापूर्वी मी त्याच ब्रशाने फेस काढणार आहे. तुमच्या फडताळात एखादी केसगळती मूठ पडली असेल, तर दिवाळीच्या साफसफाईत ती केरात जाण्याआधी एकदा हातात घेऊन पाहा. टाकायला काय, सारा जन्म पडला आहे!