अखेरचे एक मिनिट आणि आधीचे ४० दिवस

कोंबडी हा कायद्याच्या दृष्टीने 'प्राणी' आहे की नाही, असा प्रश्न २०२३ साली गुजरात उच्च न्यायालयापुढे चर्चेला आला होता. मूळ वाद असा, की कोंबड्या दुकानात कापाव्यात की परवानाधारक कत्तलखान्यात. बातमी वाचून अनेकांना हसू आले असेल. वस्तुतः उत्तर १९६० सालापासून लिहिलेले आहे. पशुक्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या व्याख्येनुसार मनुष्याव्यतिरिक्त प्रत्येक सजीव हा प्राणी होय. याच कायद्याच्या ११ व्या कलमात पहिल्या गुन्ह्यासाठी सांगितलेला दंड मात्र किमान १० आणि कमाल ५० रुपये आहे. आज तेवढ्या पैशांत अर्धा किलो कोंबडीही मिळत नाही.

मी मांसाहारी आहे, आणि हे टिपण कोणाला शाकाहाराकडे वळविण्यासाठी लिहीत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार १५ ते ४९ वयोगटातील ८३.४ टक्के पुरुष आणि ७०.६ टक्के स्त्रिया कधी ना कधी मासे, कोंबडी वा मटण खातात. 'भारत हा शाकाहारी देश' या समजुतीचा विचार त्या आकड्यांसमोर बसून करावा. तेव्हा माझी अस्वस्थता ही काही एकट्याची खासगी बाब राहत नाही. ज्यांच्या ताटात मांस आहे त्या बहुसंख्यांनीच हा प्रश्न विचारला पाहिजे, कारण जे खात नाहीत त्यांच्याकडून तो आला की त्याला ताबडतोब जातीचा आणि धर्माचा वास येऊ लागतो, आणि बहुतेक वेळा तो वास खोटाही नसतो.

आपल्याकडे कत्तलखान्याविषयीची चर्चा जवळजवळ नेहमी 'कोण कापतो' आणि 'कोणत्या पद्धतीने कापतो' याच दोन प्रश्नांभोवती फिरते. झटका की हलाल, या एका वादावर वाहिन्यांनी किती संध्याकाळी खर्ची घातल्या असतील याची गणती नाही. माझे म्हणणे असे, की या वादात आपण प्राण्याच्या आयुष्यातील अखेरचे एक मिनिट मोजतो. ब्रॉयलर कोंबडीचे आयुष्य साधारण ४० दिवसांचे असते. ४० दिवसांत ५७,६०० मिनिटे असतात.

प्रथम आकाराचा अंदाज घेऊ. केंद्रीय पशुसंवर्धन विभागाच्या आकडेवारीनुसार २०२३-२४ मध्ये देशातील मांसोत्पादन १०२.५ लाख टन होते आणि त्यात कुक्कुटवर्गाचा वाटा सुमारे ४९ टक्के, म्हणजे ५० लाख टन. एका पक्ष्यापासून स्वच्छ केलेले मांस सरासरी १.४ किलो धरले, तर वर्षाला ३५० कोटींच्या आसपास पक्षी होतात. मिनिटाला साडेसहा हजारांहून अधिक. हा माझा पाठीमागच्या पानावरचा हिशेब आहे, त्यात दहावीस टक्क्यांची चूक खुशाल धरा. निष्कर्ष बदलत नाही. आपण 'कत्तलखाना' म्हटले की डोळ्यांसमोर म्हैस किंवा बोकड आणतो. संख्येने पाहिले तर भारतातील कत्तल ही मुख्यतः कोंबडीची कत्तल आहे.

आता या पक्ष्याची घडण पाहा. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ साली एक अतिशय सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. १९५७ आणि १९७८ मधील कोंबड्यांचे जतन करून ठेवलेले वाण आणि २००५ मधील व्यापारी वाण त्यांनी एकाच खाद्यावर, एकाच परिस्थितीत वाढवले. ५६ व्या दिवशी सरासरी वजने अनुक्रमे ९०५, १,८०८ आणि ४,२०२ ग्रॅम भरली. 'कोंबड्यांना इंजेक्शन देऊन फुगवतात' अशी जी अफवा प्रत्येक कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटात फिरते, तिची येथे आवश्यकताच उरत नाही. खाद्य तेच, बदलली आहे ती पक्ष्याची आनुवंशिक रचना, पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीने.

भौतिकीच्या विद्यार्थ्याने येथे गॅलिलिओचे १६३८ मधले पुस्तक आठवावे. आकार वाढला की वजन लांबीच्या घनाने वाढते, तर हाडाची भार पेलण्याची क्षमता त्याच्या काटछेदाच्या क्षेत्रफळानुसार, म्हणजे वर्गाने वाढते. १९५७ ते २००५ या काळात वजन ४.६४ पट झाले. प्रमाण तेच राहिले असे मानल्यास लांबी १.६७ पट, काटछेद २.७८ पट, आणि हाडाच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरवरचा भार १.६७ पट. प्रत्यक्षात प्रमाणही तेच राहिलेले नाही. ग्राहकाला छातीचे मांस हवे असते, म्हणून छाती अधिक वाढवली गेली आणि वस्तुमानकेंद्र पुढे सरकले. हे ओझे पेलायचे कोणी, तर जेमतेम सहा आठवड्यांच्या पिल्लाच्या पायांनी. ब्रिटनमध्ये ५१ हजार पक्ष्यांची चाल तपासणारे एक संशोधन २००८ साली प्रसिद्ध झाले. सरासरी ४० दिवसांच्या वयात २७.६ टक्के पक्ष्यांना नीट चालता येत नव्हते, आणि ३.३ टक्के जवळजवळ चालूच शकत नव्हते. त्यात आजारी म्हणून आधीच वेगळे काढलेले पक्षी धरलेले नव्हते.

उष्णतेचा हिशेब तर आपल्या देशासाठी अधिकच बोलका आहे. दोन किलोचा पक्षी ढोबळमानाने १० वॅट उष्णता बाहेर टाकतो. दहा हजार पक्ष्यांची शेड म्हणजे १०० किलोवॅटची भट्टी. बाजारात या कोंबडीला सर्रास 'बॉयलर' म्हणतात, तो अपभ्रंश नकळत किती अचूक आहे! कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात. तिचे शरीर साधारण ४१ अंशांवर चालते. विदर्भात किंवा तेलंगणात मे महिन्यात हवा ४२-४३ अंशांवर गेली की शरीराकडून हवेकडे उष्णता वाहण्याचा मार्गच बंद होतो, उलट हवाच शरीर तापवू लागते. उरते ते केवळ धापा टाकून होणारे बाष्पीभवन, आणि शेडमधील हजारो पक्षी एकाच वेळी धापा टाकू लागले की आर्द्रता वाढून तेही मंदावते. दुपारी वीज गेली, पंखे आणि फवारे थांबले, की काय होते ते कुठल्याही कुक्कुटपालकाला विचारा. अशा वेळी मरणाऱ्या पक्ष्यांची नोंद कत्तलीत होत नाही. ती 'मरतुक' म्हणून होते.

येथे शेतकऱ्याला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. करार पद्धतीत पिल्ले कंपनीची, खाद्य कंपनीचे, औषधे कंपनीची. शेतकऱ्याची असते ती शेड, मजुरी आणि डोक्यावरचे कर्ज. त्याला वजनामागे ठरलेला मोबदला मिळतो. अशा व्यवस्थेत दाटीवाटी कमी करण्याचा खर्च त्याने स्वतःच्या खिशातून करावा, ही अपेक्षा शहरातून करणे फारसे सभ्यपणाचे नाही.

दाटीतून रोग येतो, आणि रोगाच्या भीतीतून प्रतिजैविके येतात. विज्ञान व पर्यावरण केंद्राने २०१४ साली दिल्ली परिसरातील कोंबडीचे ७० नमुने तपासले. ४० टक्क्यांत प्रतिजैविकांचे अंश सापडले. २०१७ साली पंजाबातील १८ कुक्कुटशाळांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात बहुऔषधरोधी ई. कोलाय जिवाणूंचे प्रमाण अंड्यांच्या फार्मपेक्षा ब्रॉयलर फार्मवर बरेच अधिक आढळले. कोलिस्टिन हे औषध रुग्णालयात अन्य उपाय थकल्यानंतर वापरतात. त्याला दाद न देण्याची क्षमता एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे नेणारे जनुक २०१५ साली चीनमध्ये सापडले. आपल्याकडे हेच औषध कोंबड्यांच्या वाढीसाठी खाद्यात मिसळले जात होते; केंद्र सरकारने त्यावर बंदी घातली ती जुलै २०१९ मध्ये. बंदी योग्यच होती. मात्र अतिदक्षता विभागात आपल्यापैकी कुणाचे नातेवाईक जेव्हा त्या शेवटच्या औषधावर असतात, तेव्हा ते औषध आधी कुणाच्या खाद्यात होते हे विचारण्याची आपल्याला सवय नाही.

झटपट खाद्यसाखळ्यांचे स्थान या चित्रात कोठे आहे? केंटकी फ्राइड चिकनचे पहिले भारतीय दुकान बंगळूरात १९९५ साली उघडले, मॅकडोनल्ड्स १९९६ साली दिल्लीत आले. एक गोष्ट त्यांच्या बाजूने सांगितली पाहिजे: मोठ्या प्रक्रिया-कारखान्यांत तापमान, पाणी आणि स्वच्छता मोजली जाते, आणि जे मोजले जाते त्यावर निदान प्रश्न विचारता येतो. परंतु मॅकडोनल्ड्सने अमेरिकेतील आपल्या कोंबडीतून मानवी उपचारांत महत्त्वाची असलेली प्रतिजैविके २०१६ पर्यंत दूर केली. आणि २०१७ साली विज्ञान व पर्यावरण केंद्राने पाहणी केली तेव्हा बहुराष्ट्रीय साखळ्यांनी असे वचन भारतीय ग्राहकाला दिलेले नव्हते. कोंबडी तीच, जिवाणू तेच, पारपत्र तेवढे निराळे.

या साखळ्यांवरचा माझा खरा आक्षेप मात्र औषधांचा नाही. त्यांनी मांसाला प्राण्यापासून पूर्णपणे सोडवले आहे. बादलीत पीस नाही, डोळा नाही. गोल, चौकोनी, बोटाएवढे तुकडे आहेत. कोपऱ्यावरच्या दुकानात पिंजरा समोर असतो. दुकानदार पक्षी काढतो, मान कापतो, तो ड्रममध्ये टाकतो, आणि ड्रममधला आवाज थांबेपर्यंत ग्राहक मोबाइलकडे पाहत उभा राहतो. ते दृश्य मला असह्य होते; तरीही त्या दृश्यात अधिक प्रामाणिकपणा आहे असे माझे मत आहे. दृश्य नाहीसे केल्याने वेदना कमी होत नाही. तिचा फक्त साक्षीदार कमी होतो.

यंत्राने केलेली कत्तल आपोआप दयाळू होते, हाही भ्रमच आहे. मोठ्या कारखान्यांत पक्षी पायांनी उलटे टांगून त्यांची डोकी विद्युतभारित पाण्यातून नेतात, म्हणजे ते बेशुद्ध व्हावेत. बारावीच्या विद्यार्थ्याने हे मंडल काढून पाहावे. एकाच वेळी अनेक पक्षी पाण्यात असतात, म्हणजे समांतर जोडलेले रोध. विभवांतर सर्वांना सारखे, पण प्रत्येकाचा रोध निराळा, म्हणून प्रत्येकातून जाणारा प्रवाहही निराळा. युरोपीय संघाच्या नियमांत २०० हर्ट्झखाली प्रत्येक कोंबडीमागे किमान १०० मिलिअँपिअरची अट आहे. ओहमच्या नियमामुळे ती सर्व पक्ष्यांबाबत एकाच वेळी पाळणे अवघड जाते. कुणाला कमी मिळतो, तो शुद्धीवर राहतो.

आणखी एक पेच मला सुटलेला नाही. हवामानाच्या दृष्टीने गोमांस किंवा बकऱ्याच्या मटणापेक्षा कोंबडी पुष्कळ बरी. रवंथ करणाऱ्या प्राण्यांचा मिथेन तिच्यात नाही, आणि खाद्याचे मांसात रूपांतर ती फार काटकसरीने करते. पण एका म्हशीएवढे मांस मिळवायला अंदाजे शंभर कोंबड्या लागतात. कार्बनचा हिशेब सुधारला की दुःखाचा हिशेब बिघडतो. या दोन राशींना समान एकक नाही, आणि ते आहे असे भासवणाऱ्या आलेखांवर माझा विश्वास नाही.

मग विज्ञानाने करायचे काय? प्रयोगशाळेत पेशींपासून वाढवलेले मांस सिंगापूरने डिसेंबर २०२० मध्ये विक्रीला मान्य केले. आपल्याकडे हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्राला आणि राष्ट्रीय मांस संशोधन केंद्राला या कामासाठी २०१९ साली जैवतंत्रज्ञान विभागाने निधी दिला. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने २०२४ साली माशांच्या मांसाचे काम हाती घेतले. हे सारे स्वागतार्ह आहे, पण स्वस्त होण्यास वेळ लागेल आणि तोवर मिनिटाला साडेसहा हजार हा वेग थांबणार नाही.

मला अधिक जवळचा वाटतो तो एक लहान प्रश्न. अंड्यांसाठी वाढवलेल्या वाणातील नर पिल्ले ना अंडी देतात, ना भरपूर मांस. म्हणून ती जन्मल्या दिवशीच मारली जातात. जर्मनीने १ जानेवारी २०२२ पासून हे बेकायदा ठरवले, आणि तेथे अंड्यातच लिंग ओळखण्याची यंत्रे आली. एक पद्धत कवचातून आरपार जाणाऱ्या प्रकाशाच्या वर्णपटावरून पिसांचा रंग ओळखते, पण ती तपकिरी अंड्यांच्या वाणांतच चालते, कारण तेथेच नर-मादी पिल्लांचे रंग निराळे असतात. आपल्याकडचा व्यवसाय बव्हंशी पांढऱ्या अंड्यांचा. त्यासाठी युरोपातील काही उबवण केंद्रे चुंबकीय अनुनाद प्रतिमा वापरतात. रुग्णालयातले एमआरआय अंड्यासाठी वेगवान आणि स्वस्त करणे, हा चुंबक, संवेदक आणि संकेत-प्रक्रियेचा प्रश्न आहे. आपल्या देशात ही तिन्ही कामे जाणणारे लोक आहेत. नामक्कलच्या उबवण केंद्राला परवडेल अशा किमतीत ते बसवता येईल का, यावर एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील गटाला काम करायचे असेल, तर भौतिकीच्या बाजूने वेळ देण्यास मी तयार आहे. टिप्पणीत लिहा.