केकुलेचा साप आणि पडलेले दात

स्वप्ने पुढचे सांगतात, असा दावा करणारे पत्र मागील अंकात वाचले. पुरावा म्हणून पत्रलेखकांनी रसायनशास्त्रज्ञ केकुलेचा साप पुढे केला आहे. स्वतःची शेपटी तोंडात धरलेला साप डुलकीत दिसला आणि बेंझिनची रचना सुटली, ही ती कथा. पण शोधनिबंध १८६५ चा आणि केकुलेने कथा जाहीरपणे सांगितली १८९० साली, बर्लिनमधल्या त्याच्या सत्कारात! शिवाय कार्बनच्या साखळ्या त्याच्या डोक्यात कित्येक वर्षे घोळत होत्या. तोच साप आमच्यासारख्याला दिसता, तर फार तर उठून अंथरूण झटकले असते. मनी वसे ते स्वप्नी दिसे, एवढेच यातून निघते.

दात पडल्याचे स्वप्न आणि घरातला मृत्यू ही सांगड तर त्याहून तकलादू. १९५३ साली शिकागोत ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी झोपेतल्या डोळ्यांच्या जलद हालचालींची अवस्था नोंदवली. त्या अवस्थेत उठवलेली बहुतेक माणसे स्वप्न सांगतात आणि ती रात्रीत चार-पाचदा येते. म्हणजे चौघांच्या घरात वर्षाकाठी हजारो स्वप्ने. त्यातले एखादे जुळले की तेवढेच लक्षात राहते. बाकीची सकाळच्या चहाआधीच विरतात.

स्वप्ने निव्वळ कचरा, असे मात्र मी म्हणत नाही. काळज्या, अर्धवट राहिलेली भांडणे त्यांत उतरतातच.

पत्रलेखकांना विनंती: उशाशी वही ठेवा, उठल्याबरोबर स्वप्न तारखेसह लिहा आणि वर्षाने ती वही याच सदराकडे पाठवा. न जुळलेली पाने फाडू नका.

— एक वाचक, मिरज