निरंक अहवालावर किती विसंबावे?

बारावीचे निकाल लागले की महाविद्यालयांच्या फाटकांशी पालकांची रीघ लागते. शुल्क किती, शिष्यवृत्ती मिळेल काय, गेल्या वर्षीचा निकाल कसा होता, प्रयोगशाळा आहे की नुसतीच तिची पाटी आहे, हे सारे प्रश्न पालक खोदून खोदून विचारतात आणि ते योग्यच आहे. परंतु गेल्या तीन वर्षांत या आवारात किती मारामाऱ्या झाल्या, किती मुलींनी छेडछाडीची तक्रार केली आणि त्यांतील किती तक्रारी पोलिसांपर्यंत गेल्या, असे विचारणारा पालक विरळाच. यदाकदाचित कोणी तसे विचारलेच, तर उत्तर ठरलेले असते : "आमच्याकडे तसले काही घडत नाही." कचेरीच्या भाषेत बोलायचे तर अहवाल निरंक! या निरंक अहवालाला आपण सुरक्षिततेचा दाखला समजतो, ही मोठी भूल आहे. पुष्कळदा तो केवळ मौनाचा दाखला असतो. ज्या संस्थेत तक्रार नोंदली जाते आणि तिची संख्या चारचौघांत सांगितली जाते, त्या संस्थेवर पालकांनी अधिक विश्वास टाकावा, हे आज आम्हाला वाचकांपुढे मांडावयाचे आहे.

अमेरिकेला हा धडा एका निरपराध मुलीच्या प्राणांचे मोल देऊन शिकावा लागला. पेनसिल्व्हेनिया राज्यातील बेथलेहेम येथील लीहाय विद्यापीठात पहिल्या वर्षात शिकणारी जीन क्लेरी ही एकोणीस वर्षांची विद्यार्थिनी ५ एप्रिल १९८६ रोजी वसतिगृहातील आपल्या खोलीत अत्याचाराला आणि हत्येला बळी पडली. मारेकरी बाहेरचा कोणी दरोडेखोर नव्हता. तो त्याच विद्यापीठाचा विद्यार्थी होता. वसतिगृहाच्या दारांना आपोआप बसणारी कुलुपे होती, पण ती दारे अडसर लावून उघडी ठेवलेली होती. पूर्वीही त्या आवारात हिंसक गुन्हे घडले होते. मात्र मुलांना आणि त्यांच्या आईबापांना त्याची वार्ता नव्हती. जीनचे मातापिता, कॉनी आणि हॉवर्ड क्लेरी, यांनी आपले दुःख घराच्या चार भिंतींत कोंडून ठेवले नाही. त्यांच्या प्रयत्नांतून प्रथम १९८८ मध्ये पेनसिल्व्हेनियात कायदा झाला आणि १९९० मध्ये साऱ्या देशासाठी झाला. १९९८ पासून तो 'क्लेरी कायदा' म्हणून ओळखला जातो.

केंद्र सरकारच्या विद्यार्थी-साहाय्य योजनांत सहभागी असलेल्या प्रत्येक उच्च शिक्षण संस्थेला हा कायदा लागू आहे. त्यात जगप्रसिद्ध विद्यापीठे येतात, तशीच तेथील 'कम्युनिटी कॉलेजे'ही येतात. हे दुसरे नाव आमच्या वाचकांना अपरिचित असेल, म्हणून थोडे सांगितले पाहिजे. कम्युनिटी कॉलेज म्हणजे त्या त्या परिसरातील लोकांसाठी चालविलेले, मुख्यतः दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचे, माफक शुल्काचे महाविद्यालय. इलिनॉय राज्यातील १९०१ साली स्थापन झालेले जोलिएट ज्युनियर कॉलेज हे यांतील सर्वांत जुने सार्वजनिक महाविद्यालय मानले जाते. येथे शिकणारी मुले बहुधा घरून येतात. कित्येक जण दिवसा नोकरी करून सायंकाळच्या वर्गांना बसतात. बऱ्याच ठिकाणी वसतिगृहच नसते. म्हणजे आमच्या तालुक्याच्या गावचे, सकाळच्या एस.टी.ने डबा घेऊन येणाऱ्या मुलांचे जे महाविद्यालय, त्याचेच ते दूरचे भावंड म्हणावयास हरकत नाही. म्हणूनच तेथे हा कायदा कसा चालतो, हे आम्ही लक्षपूर्वक पाहावे.

प्रत्येक संस्थेने दरवर्षी १ ऑक्टोबरपर्यंत मागील तीन वर्षांतील गुन्ह्यांचे आकडे प्रसिद्ध करावयाचे असतात. खून, लैंगिक अत्याचार, जबरी चोरी, गंभीर मारहाण, घरफोडी, वाहनचोरी आणि जाळपोळ हे त्यांतील प्रमुख गुन्हे होत. २०१३ च्या दुरुस्तीने घरगुती हिंसा, प्रेमसंबंधातील हिंसा आणि पाठलाग यांची भर पडली, तर डिसेंबर २०२४ च्या दुरुस्तीने रॅगिंगही या हिशेबात आले. ज्या संस्थेला स्वतःचे पोलीस किंवा सुरक्षा विभाग आहे, तिने रोजची गुन्हे-नोंदवही ठेवून ती कोणालाही पाहू दिली पाहिजे. धोका चालू असेल तर विद्यार्थ्यांना वेळीच सावध केले पाहिजे. आरोप सिद्ध होण्याची वाट न पाहता, तक्रार आली की ती आकड्यांत धरली जाते. आणि ती केवळ पहारेकऱ्याकडेच आली पाहिजे असेही नाही. विद्यार्थ्यांची जबाबदारी असलेले अधिष्ठाते, क्रीडाशिक्षक यांच्या कानी आलेली तक्रारही मोजावी लागते.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. आवाराला लागून असलेला सार्वजनिक रस्ता आणि पदपथ यांवर घडलेला गुन्हाही संस्थेच्या आकड्यांत धरावा लागतो. "फाटकाबाहेर जे घडले त्याच्याशी आमचा संबंध नाही," हे जे वाक्य आपल्याकडे सर्रास ऐकू येते, त्याला तेथे थारा नाही. घरून ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्यांचा धोका वर्गात कमी आणि रस्त्यावर, वाहनतळावर व बसथांब्यावर अधिक असतो, हे ज्याने ओळखले त्यानेच असा नियम केला असणार.

नियम मोडणाऱ्याला तेथे किंमत मोजावी लागते. ईस्टर्न मिशिगन विद्यापीठात डिसेंबर २००६ मध्ये एक विद्यार्थिनी वसतिगृहात मृतावस्थेत आढळली. घातपाताचा संशय नाही, असे विद्यापीठाने सांगितले. सुमारे दहा आठवड्यांनी एका विद्यार्थ्याला तिच्या खुनाच्या आरोपाखाली अटक झाली, तेव्हा कोठे आईबापांना आणि सहाध्याय्यांना सत्य कळले. तोवर शेकडो मुलेमुली त्याच आवारात निर्धास्तपणे वावरत होती! विद्यापीठाच्या अध्यक्षांना २००७ मध्ये पद गमवावे लागले आणि विद्यापीठाला साडेतीन लाख डॉलर दंड भरावा लागला. पुढे दंडाच्या रकमा वाढत गेल्या. मार्च २०२४ मध्ये लिबर्टी विद्यापीठाला झालेला १ कोटी ४० लाख डॉलरांचा दंड हा तोवरचा सर्वांत मोठा होय.

याचा अर्थ अमेरिकेत सारे आलबेल आहे, असा कोणी करून घेऊ नये. ऑरेगन राज्यातील रोझबर्ग येथील उम्पक्वा कम्युनिटी कॉलेजात १ ऑक्टोबर २०१५ रोजी एका बंदूकधाऱ्याने नऊ जणांचे प्राण घेतले. अहवाल छापल्याने बंदूक बोथट होत नाही. खुद्द आकड्यांनाही रोग जडतो. अमेरिकन असोसिएशन ऑफ युनिव्हर्सिटी विमेन या संघटनेने २०१६ च्या आकड्यांची छाननी केली, तेव्हा दर दहांपैकी जवळजवळ नऊ संस्थांनी बलात्काराची एकही नोंद नसल्याचे कळविलेले आढळले. इतक्या संस्थांत खरोखरच काही घडले नाही, यावर त्या संघटनेचा विश्वास बसला नाही आणि आमचाही बसत नाही. कायद्याचा धाक असतानाही जेथे शून्य इतके फोफावते, तेथे कायदाच नसेल तर त्याला आवर कोण घालणार?

आता आपल्याकडे वळू. आपल्याकडे कायदे नाहीत असे मुळीच नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या रॅगिंगविरोधी विनियमांनुसार, रॅगिंगची खबर मिळून त्यात दंडनीय गुन्हा दिसत असेल तर संस्थाप्रमुखाने चोवीस तासांत पोलिसांत फिर्याद दिली पाहिजे. विद्यार्थ्यांसाठी १८००-१८०-५५२२ हा मदतीचा दूरध्वनी क्रमांक आहे. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने आणि आयोगाच्या त्यानंतरच्या विनियमांनी प्रत्येक महाविद्यालयात अंतर्गत समिती आवश्यक ठरविली असून, समिती न नेमणाऱ्यास कायद्याने पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. या समितीला वार्षिक अहवालही द्यावा लागतो.

मग उणीव कोठे आहे? उणीव अशी की हे सारे कागद वर जातात, खाली येत नाहीत. समितीचा अहवाल व्यवस्थापनाकडे आणि जिल्हा अधिकाऱ्याकडे जातो. ज्याची मुलगी त्या आवारात रोज सहा तास घालविते, त्या बापाच्या हाती काय पडते? रॅगिंग करणार नाही, असे प्रतिज्ञापत्र विद्यार्थी आणि पालक दरवर्षी लिहून देतात. विद्यार्थ्याने संस्थेला हमी द्यावी, पण गतवर्षी काय घडले एवढेही संस्थेने विद्यार्थ्याला सांगू नये, हा व्यवहार एकतर्फी आहे.

सर्वोच्च न्यायालयानेही या ढिलाईवर बोट ठेवले आहे. गोवा विद्यापीठातील विद्यार्थिनींच्या तक्रारींतून उद्भवलेल्या प्रकरणाचा निकाल मे २०२३ मध्ये देताना, २०१३ च्या कायद्याच्या अंमलबजावणीतील गंभीर त्रुटींबद्दल न्यायालयाने खेद व्यक्त केला आणि समित्या नेमल्या आहेत की नाहीत याची पडताळणी करून त्यांच्या सदस्यांची माहिती सर्वांना सहज मिळेल अशी ठेवण्याचे आदेश दिले. त्याच निकालात, चौकशी घाईघाईने उरकून आरोपीला बाजू मांडण्याची पुरती संधी दिली नाही म्हणून शिक्षेचा आदेशही रद्द झाला आणि प्रकरण पुन्हा समितीकडे गेले. यातला बोध दुहेरी आहे. तक्रार दडपणे हा अन्याय, आणि ती वेडीवाकडी हाताळणे हाही अन्यायच. दोहोंची झळ अखेर तक्रार करणाऱ्या मुलीलाच लागते.

सीमाभागात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. चंदगड तालुक्यातील मुलगी शिक्षणासाठी बेळगावला येते, निपाणीची मुले कागलकडे जातात आणि कागलची निपाणीत येतात. वाटेत बसमध्ये वा थांब्यावर काही घडले, तर "हद्द आमची नाही" या एका वाक्याने त्या पोरीला दोन राज्यांच्या ठाण्यांमध्ये हेलपाटे घालावे लागण्याची भीती असते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ ने हे उत्तर बेकायदा ठरविले आहे. दखलपात्र गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, त्याची खबर समोरच्या ठाण्याने घेतलीच पाहिजे. लोक यालाच झिरो एफआयआर म्हणतात. तोंडी सांगितलेली खबर लिहून घेतल्यावर ती सांगणाऱ्याला वाचून दाखविली पाहिजे आणि तिची प्रत विनामूल्य दिली पाहिजे, असेही ते कलम सांगते. वाचून दाखवावयाची ती ऐकणाऱ्याला कळावी म्हणूनच ना? आपल्या तोंडचे शब्द कागदावर कसे उतरले हे जिला कळले नाही, तिने कशावर सही केली? तेव्हा मराठी मुलीला तिची फिर्याद मराठीत समजावून देणे ही मेहेरबानी नसून कायद्याच्या हेतूचेच पालन आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

संस्थाचालकांची अडचण आम्हाला ठाऊक नाही असे नाही. आकडे जाहीर केले तर संस्थेचे नाव खराब होईल, प्रवेश घटतील, 'नॅक'च्या मूल्यांकनाच्या तोंडावर नको ते प्रश्न निघतील, आणि शेजारची संस्था मात्र निरंक अहवालाची पताका मिरवील, असे ते म्हणतील. ही भीती खोटी नाही. पण तिच्यावर उपाय एकच : सर्व संस्थांनी एकाच वेळी, एकाच नमुन्यात आकडे सांगावेत. सगळेच बोलू लागले की बोलणारा एकटा पडत नाही. दुसरा आक्षेप मुलींच्या अब्रूचा. त्यालाही उत्तर आहे. संख्या सांगावयाची असते, नावे नव्हेत. लैंगिक अत्याचारग्रस्तेची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हाच आहे, आणि हे बंधन आम्हा वृत्तपत्रांवर सर्वांआधी आहे. अब्रूच्या नावाखाली मुलीला गप्प बसविले जाते, तेव्हा रक्षण तिच्या अब्रूचे होते की गुन्हेगाराच्या, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

आमच्या मागण्या थोड्या आहेत आणि त्यांसाठी दिल्ली-बंगळूरच्या तोंडाकडे पाहत बसण्याचे कारण नाही. प्रत्येक महाविद्यालयाने प्रवेशाच्या वेळी मागील तीन वर्षांचा तक्ता सूचनाफलकावर लावावा : तक्रारी किती आल्या, कोणत्या प्रकारच्या, पोलिसांकडे किती गेल्या, निकालात किती निघाल्या. फाटकासमोरचा रस्ता आणि बसथांबा या हिशेबात धरावा. समितीच्या सदस्यांची नावे आणि दूरध्वनी क्रमांक मराठीसह विद्यार्थ्यांना वाचता येणाऱ्या सर्व भाषांत लावावेत. धोका उद्भवला तर त्याच दिवशी मुलांना सांगावे. यातील एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही. प्राचार्यांची एक सही आणि संस्थाचालकांचे थोडे धैर्य पुरेसे आहे.

आणि ते धैर्य यावे यासाठी पालकांनीही आपले कर्तव्य केले पाहिजे. ज्या महाविद्यालयाने पाच तक्रारी आल्याचे आणि पाचही तडीस नेल्याचे प्रामाणिकपणे सांगितले, त्याच्याकडे पाठ फिरवून आपण निरंकवाल्याच्या दारात रांग लावणार असू, तर मौनाचे भाव आपणच वाढविले असे होईल. येत्या प्रवेशाच्या वेळी शुल्काची पावती घेताना हा एक प्रश्न प्रत्येक बापाने, प्रत्येक आईने खिडकीशी उभे राहून अवश्य विचारावा. उत्तर निरंक आले, तर ते लेखी मागावे.