नऊ जणांचं हस्तलिखित

मुलांनो, सातवीतल्या एका वाचक मुलीचं पत्र आलंय. तिचा दादा पुण्याला सॉफ्टवेअरच्या कंपनीत आहे. रात्री घरून फोन गेला की तो म्हणतो, "बिल्ड लावलंय, ते झालं की जेवतो." पत्रात तिने विचारलंय, "बाई, बिल्ड म्हणजे काय? कॉम्प्युटर एवढा वेगवान, मग त्याला एवढा वेळ का लागतो? दादा जेवला की नाही, याची आईला रोज काळजी असते."

आईची काळजी खरी आहे. तेव्हा दादाचं बिल्ड लवकर कसं उरकेल, तेच आज बघू या.

दादा जे लिहितो ते कॉम्प्युटरला थेट समजत नाही बरं का! तो 'सी'सारख्या एखाद्या भाषेत लिहितो. ती माणसाला वाचता येते. कॉम्प्युटरच्या चिपला कळते ती नुसती आकड्यांची भाषा. म्हणून मध्ये एक दुभाषी लागतो. त्याचं नाव कंपायलर. मोठा प्रोग्रॅम काही एका फायलीत लिहीत नाहीत, तो शेकडो-हजारो फायलींत वाटलेला असतो. लिनक्सचंच बघा. फिनलंडमधल्या हेलसिंकीच्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तो १९९१ साली सुरू केला. आज त्याच्या गाभ्यात दोन कोटींहून जास्त ओळी आहेत आणि तुमच्या बाबांच्या अँड्रॉइड फोनमध्येही तोच गाभा असतो. कंपायलर एकेका फायलीचं भाषांतर करून तुकडे तयार करतो आणि शेवटी लिंकर नावाचा दुसरा प्रोग्रॅम ते सगळे तुकडे जोडतो. या सगळ्या खटाटोपाला म्हणायचं बिल्ड.

आता जरा आमच्या वर्गात या. आमचा चौथीचा वर्ग दर वर्षी ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, हस्तलिखित काढतो. आधी वर्गातली एकच मुलगी, जिचं अक्षर मोत्यासारखं, ती सगळं उतरवून काढायची. तीन आठवडे लागायचे आणि बिचारीची बोटं दुखायची. मग एका वर्षी मी ठरवलं, छत्तीस पानं आणि चांगल्या अक्षराची नऊ मुलं. प्रत्येकाला चार पानं! सहलीचा लेख लिहिणाऱ्याला कोडी लिहिणाऱ्यासाठी थांबायची काय गरज? दोन दिवसांत लिहून झालं की हो!

कॉम्प्युटरमध्येही अगदी हेच करता येतं. २००५ च्या सुमारास घरच्या कॉम्प्युटरमध्येही एका चिपवर दोन-दोन 'कोअर' येऊ लागले. पुढे चार झाले, आठ झाले. कोअर म्हणजे काम करणारा कारागीर समजा. एका फायलीचं भाषांतर दुसरीसाठी सहसा अडत नाही, म्हणून आठ कारागिरांनी आठ फायली एकदम घ्याव्यात. बिल्ड करणारा 'मेक' नावाचा एक जुना प्रोग्रॅम आहे. त्याला हुकूम देताना पुढे एक आडवी रेघ, 'जे' हे इंग्रजी अक्षर आणि आठचा आकडा लिहिला, की तो आठ कामं एका वेळी सुरू करतो. आकडा मात्र कोअर बघून लिहायचा. उगाच शंभर लिहिलं तर सगळे मिळून मेमरी भरून टाकतात आणि काम उलट रेंगाळतं. आमच्याकडे लाल स्केचपेन एकच होतं. मथळे रंगवायच्या वेळी नऊ जण त्या एका पेनासाठी हात पुढे करून बसले होते, तसंच हे!

मग नव्वद मुलं बसवली असती तर आणखी दहापट लवकर? नाही ना! पानं शिवायची ती एकाच सुईने आणि सगळी पानं हातात आल्यावरच. टाके मीच घातले, अख्खी संध्याकाळ गेली. आयबीएमच्या सिस्टिम ३६० या प्रसिद्ध कॉम्प्युटरची रचना करणाऱ्यांत जीन अ‍ॅमडाल हे एक प्रमुख होते. त्यांनी १९६७ साली हाच मुद्दा मांडला. समजा, बिल्डला शंभर मिनिटं लागतात. त्यातली नव्वद वाटून घेता येतात आणि जोडणीची दहा येत नाहीत. नऊ कारागीर लावले तर दहा अधिक दहा, वीस मिनिटं. नव्वद लावले तर एक अधिक दहा, अकरा मिनिटं. हजार लावा, दहाच्या खाली यायचं नाव नाही. वहीत मांडून बघा पाहू.

आता मात्र मला एक कबुली द्यायची आहे.

त्या वर्षी प्रकाशनाला आलेल्या पाहुण्यांनी हस्तलिखित उघडलं, अनुक्रमणिका पाहिली आणि म्हणाले, "पान एकवीस, पावसाची कविता. वाचतो हं!" पान एकवीस उघडलं, तर तिथे कोडी! कविता तेविसाव्या पानावर. पाहुणे हसले, पालक हसले. मला लाज वाटली आणि अनुक्रमणिका लिहिणाऱ्या मुलीला मी तिथेच, सगळ्यांसमोर बोलले. ती खाली मान घालून एवढंच म्हणाली, "बाई, तुम्ही फळ्यावर लिहिलं होतं तेच मी उतरवलं."

खरंच होतं ते. पहिल्या दिवशी मी फळ्यावर अंदाजाने पानांचे आकडे लिहिले होते. सहलीचा लेख लिहिणाऱ्याचं अक्षर मोठं, त्याचा लेख चाराऐवजी सहा पानांचा झाला. पुढची सगळी पानं दोनाने सरकली. अनुक्रमणिका तर पहिल्याच दिवशी तयार होती! पूर्वी एकच मुलगी सगळं लिहायची, तेव्हा अनुक्रमणिका आपोआपच शेवटी लिहिली जायची. "पानांचे आकडे पक्के झाल्यावरच अनुक्रमणिका" हे मी कधी कुणाला सांगितलंच नव्हतं, कारण सांगायची वेळच आली नव्हती. नऊ जण एकदम कामाला लागले आणि माझं न सांगितलेलं उघडं पडलं. दुसऱ्या दिवशी परिपाठात, सगळ्यांसमोरच, मी तिची माफी मागितली.

दादाच्या बिल्डलाही नेमका हाच रोग होतो. कशाच्या आधी काय व्हायला हवं, याची यादी 'मेक'ला एका फायलीत लिहून द्यावी लागते. तिला मेकफाईल म्हणतात. 'मेक' लिहिला अमेरिकेत, बेल लॅब्जमधल्या स्टुअर्ट फेल्डमन यांनी, १९७६ साली. त्याची गंमत ऐका. एके दिवशी त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन चिडून त्यांच्या खोलीत आले. प्रोग्रॅममधली चूक शोधण्यात त्यांची सकाळ फुकट गेली होती. चूक दुरुस्त झालेली होती, पण ती फाईल पुन्हा कंपाइल करायची राहिली होती! आदल्या संध्याकाळी खुद्द फेल्डमनही असेच फसले होते. मग त्याच शनिवार-रविवारी त्यांनी 'मेक' तयार केला. कोणती फाईल कशी बनते ते यादीत बघायचं, फायलींच्या वेळा ताडून पाहायच्या आणि बदललेल्या फायलींपुरतंच काम पुन्हा करायचं. २००३ साली त्यांना यासाठी एसीएम या संगणकतज्ज्ञांच्या संस्थेचा पुरस्कार मिळाला. (मेकफाईलमध्ये हुकुमाच्या ओळीआधी टॅब सोडावाच लागतो, नुसत्या मोकळ्या जागा चालत नाहीत. माझा समासाचा हट्ट तुम्हाला जाचक वाटत असेल, तर हे लक्षात ठेवा!)

बिल्ड भराभर आटोपायचं तर ही यादीच कामी येते. यादीत 'अमक्यासाठी तमकं आधी' असं नसेल, तर 'मेक' खुशाल दोन्ही कामं एकदम सुरू करतो. काही फायली माणूस लिहीत नाही, त्या बिल्ड चालू असतानाच दुसरा एखादा प्रोग्रॅम तयार करतो. अशी फाईल कुणाला लागते, ते यादीत लिहायचं राहिलं, तर एकामागून एक काम चालताना काहीच बिघडत नाही. ती पुष्कळदा योगायोगाने आधी तयार झालेली असते. आठ कारागीर लागले की कधी ती वेळेवर मिळते, कधी मिळत नाही. नऊ वेळा बिल्ड नीट होतं, दहाव्यांदा मोडतं. एखाद्या वेळी तर मोडतही नाही, मुकाट्याने जुनीच फाईल उचलतं. आमच्या अनुक्रमणिकेसारखं! मग काही जण वैतागून आठचा आकडाच काढून टाकतात आणि पुन्हा एकेक फाईल करत बसतात. मला ते काही पटत नाही. मोत्यासारख्या अक्षराच्या मुलीची बोटं पुन्हा दुखवायची कशाला? यादीत राहिलेली ती एक ओळ शोधून लिहावी. शोधायला दिवस जाईल, पण लिहायला एकच मिनिट लागतं. तेव्हा पत्र लिहिणाऱ्या ताई, आज रात्री दादाला विचार, "तुझ्या बिल्डला किती कोअर लावतोस? आणि मेकफाईल नीट आहे ना?"

आता तुमच्यासाठी कोडं. रविवारी कांदेपोहे करायचेत. पोहे निवडून भिजवायला ८ मिनिटं. कांदा-मिरची चिरायला ६. चिरून झाल्यावर फोडणी देऊन कांदा परतायला ५. खोबरं खवायला ७. भिजलेले पोहे परतलेल्या कांद्यात घालून वाफ आणायला ४. खोबरं वरून भुरभुरायचं, त्याचा वेळ धरू नका. एकटी आई करते तेव्हा एकापाठोपाठ एक, ३० मिनिटं. तुम्ही मदतीला गेलात आणि दोघं झालात, तर कमीत कमी किती मिनिटं लागतील? आणि मामाकडचे सगळे मिळून दहा जण स्वयंपाकघरात शिरलात, तर? उत्तर कसं काढलंत ते लिहून पाठवा. कुणाला कुणासाठी थांबावं लागलं, हे त्यात हवंच हं!