भाड्याला खरेदी म्हणू नका

रॅप गाणाऱ्या तरुणांत 'बीट विकत घेतली' हा शब्दप्रयोग आता चांगलाच रुळला आहे. बीट म्हणजे शब्दांखाली वाजणारी तयार वाद्यरचना. एकाने ती रचून इंटरनेटवरील दुकानात मांडावी, दुसऱ्याने पैसे भरून घ्यावी आणि तिच्यावर आपले शब्द म्हणावेत, ही हिप हॉपमधील आजची रीत. या रीतीस आमचा विरोध नाही. विरोध आहे तो 'विकत' या शब्दास. कारण बहुधा जे घडते ती विक्री नसते. तो निव्वळ भाडेपट्टा असतो.

परप्रांती बदलीवर असलेल्या आमच्या वाचकांस हा भेद समजावून सांगणे न लगे. सरकारी निवासस्थानात दहा वर्षे काढली तरी ते कोणी मुलांच्या नावे करून देत नाही. स्वस्त परवान्याची बीटही तशीच. तीच रचना आणखी कितीही जणांस देण्यात येते. गाणे किती वेळा ऐकविले जावे यावर मर्यादा असते. पुष्कळदा मुदतही असते. जास्त पैसे मोजून 'एक्सक्लुझिव्ह' परवाना घेतला, तरी आधी दिलेले परवाने सहसा रद्द होत नाहीत. हे सारे करारात लिहिलेले असते. पण दुकानाच्या दारावर पाटी मात्र खरेदीची!

'ओल्ड टाउन रोड'चे उदाहरण घ्या. लिल नॅस एक्स या अमेरिकन तरुणाने यंगकिओ नावाच्या डच रचनाकाराची बीट अवघ्या 30 डॉलरला घेतली. 2018च्या अखेरीस गाणे आले आणि 2019 मध्ये बिलबोर्डच्या मुख्य यादीत 19 आठवडे अग्रस्थानी राहिले. तेव्हा प्रश्न उभा राहिला तो त्या बीटमधील एका तुकड्याचा. तो नाइन इंच नेल्स या वाद्यवृंदाच्या 2008 मधील रचनेतून उचलला होता आणि त्याची परवानगी घेतलेलीच नव्हती! मूळ रचनाकारांनी संमती दिली, त्यांची नावे श्रेयात आली आणि प्रकरण सुखाने मिटले. परंतु सर्वच मालक इतके उदार नसतात. 1991 मध्ये बिझ मार्की या रॅपगायकाविरुद्ध न्यूयॉर्कच्या न्यायालयाने मनाईहुकूम दिला, तो अशाच विनापरवाना उचललेल्या तुकड्यापायी.

यावर कोणी म्हणेल, 'खिशात हजार रुपये नसलेल्या पोराने कलमे कुठे वाचत बसावे? स्वस्त बीट मिळते म्हणून तर तो गातो.' हा युक्तिवाद आम्हांस दयाळू वाटत नाही. तो निष्काळजी आहे. गाणे कोणी ऐकले नाही तर करार कोणीच उघडून पाहत नाही. ते गाजले की मात्र प्रत्येक हक्कदार दारी उभा राहतो. म्हणजे करार कामी येतो तो यशाच्या दिवशी, आणि गरिबाच्या वाट्यास तो दिवस एकदाच येण्याचा संभव अधिक.

आपला 1957चा प्रताधिकार कायदा येथे मुका नाही. परवाना लेखी हवा, असे कलम 30 सांगते. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची, आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता, असे कलम 19 गृहीत धरते. कलम 30अ तेच परवान्यांसही लावते. ज्याचे गाणे त्याच दिवशी दुबईत आणि लंडनमध्ये वाजणार, त्याला हे मौन केवढ्यास पडेल! शिवाय 2012च्या दुरुस्तीनुसार संगीतरचनाकारास स्वामित्वधनाचा आपला समान वाटा, वारस वा प्रताधिकार संस्था यांवाचून कोणासही देऊन टाकता येत नाही. तसा करार रद्दबातल ठरतो. 'एकदा पैसे दिले, आता संबंध संपला' ही समजूत म्हणूनच घेणाऱ्यास फसवी आणि रचणाऱ्यास अन्यायकारक आहे.

आमची मागणी साधी आहे. दुकानदाराने भाड्याला भाडे म्हणावे आणि मुदत, मर्यादा, प्रदेश, वाटा व उसनी घेतलेली सामग्री या पाच गोष्टी किमतीशेजारीच लिहाव्यात. गाणाऱ्याने त्या वाचल्यावाचून पैसे भरू नयेत. आणि घरी असा गाणारा मुलगा वा मुलगी असेल, तर ज्यांचे आयुष्य कागद वाचण्यात गेले त्या वडीलधाऱ्यांनी नाके मुरडण्याऐवजी तो एक कागदही वाचून द्यावा. गाणे आवडलेच पाहिजे, असा आमचा आग्रह नाही.