सुपूर्दनामा

‘अण्णानु, बंदूक गावली तुमची!’

मोटरसायकल स्टँडवर लावायच्या आधीच हवालदारांनी बातमी दिली. आईने देवापुढे साखर ठेवली आणि चहाचं आधण चढवलं. अण्णा तर शर्ट चढवून, पायात वहाणा सरकवून निघायच्या तयारीत. हवालदार ओट्यावर टेकले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, ‘आता खंय जातास? ती आता तुमची नाय. मुद्देमाल आसा.’

ही २०१८ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. मी सुट्टीवर गावी होतो म्हणून हे वाक्य स्वतःच्या कानांनी ऐकलं. बंदूक गेली होती त्याच्या आदल्या मे महिन्यात, चुलत बहिणीच्या लग्नासाठी दोन दिवस घराला कुलूप होतं तेव्हा. चोरांनी तांब्याचा बंब सोडला, टीव्ही सोडला. माळ्यावरच्या पेटीतली एकनळी बाराबोर आणि डब्यातली नऊ काडतुसं तेवढी उचलली. काम माहीतगाराचं, असं गावाने त्याच दिवशी ठरवलं. माहीतगार कोण, यावर मात्र अजून एकमत नाही.

पुण्यात मित्रांना हे सांगताना पहिली दहा मिनिटं ‘तुमच्या घरी बंदूक कशाला?’ याच प्रश्नात जातात. दक्षिण कोकणात बंदूक ही कोयत्या-कुदळीच्या रांगेतली वस्तू आहे. परवान्यावर कारणच मुळी ‘शेतीसंरक्षण’ असं लिहिलेलं असतं. डुकरं एका रात्रीत सुरणाची आळी उकरून टाकतात, माकडं कोवळे नारळ पिळून खाली फेकतात. अण्णांचा परवाना १९८४ सालचा. वर्षाकाठी दहा-बारा बार काढत असतील, तेही आभाळाकडे नळी करून. आवाजाने माकडं शेजाऱ्याच्या बागेत जात. मग शेजारी बार काढी आणि ती आमच्याकडे येत. अशी ही संरक्षणव्यवस्था तेहतीस वर्षं सुरळीत चालली होती.

चोरीची फिर्याद अण्णांनी घरी परतल्या परतल्या दिली. शस्त्र हरवलं किंवा चोरीला गेलं तर ताबडतोब पोलिसांना कळवायचं, ही परवान्याचीच अट असते. महिन्याभराने पाकीट आलं. आम्हाला वाटलं तपासाचं काही असेल. निघाली कारणे दाखवा नोटीस: शस्त्र निष्काळजीपणे ठेवल्याबद्दल आपला परवाना रद्द का करू नये? आई भडकली. चोर मोकळा आणि नोटीस आम्हाला! मला मात्र, खरं सांगतो, ती नोटीस तितकीशी वावगी वाटली नाही. सायकल चोरीला गेली तर नुकसान माझं. बंदूक चोरीला गेली तर दुसऱ्या कुणाच्या तरी जिवाशी गाठ. लाकडी पेटीला पितळी कुलूप, एवढाच आमचा बंदोबस्त होता. अण्णांनी दोन पानी उत्तर लिहिलं, पेटीच्या जागी लोखंडी कपाट घेतलं, त्याचा फोटो जोडला. परवाना वाचला.

बंदूक सापडली ती शेजारच्या तालुक्यात. रात्रीच्या नाकाबंदीत एका जीपमध्ये, सीटखाली, गोणपाटात गुंडाळलेली. तिथल्या पोलिसांनी पंचनामा करून ती जप्त केली आणि जीपमधल्या दोघांवर विनापरवाना शस्त्र बाळगल्याचा गुन्हा लावला, शस्त्र कायद्याचं कलम ३ आणि २५. म्हणजे एकाच बंदुकीचे आता दोन गुन्हे झाले: चोरीचा आमच्या ठाण्यात, बाळगल्याचा त्यांच्या ठाण्यात. आमचे म्हणत, माल त्यांच्याकडे आहे, तिथे विचारा. ते म्हणत, फिर्याद तुमच्याकडची आहे, तिथून पत्र आणा. अण्णा दोन्हीकडे गेले. दोन्हीकडे चहा मिळाला.

मग बंदूक तपासणीला प्रयोगशाळेत गेली. तिथे दोन गोष्टी पाहतात. एक, हत्यार चालू अवस्थेत आहे का; कारण मोडकी नळी बाळगणं आणि बंदूक बाळगणं यात कायद्याच्या लेखी फरक आहे. दुसरं, त्या हत्याराचा दुसऱ्या एखाद्या गुन्ह्याशी संबंध आहे का. पिस्तुलाच्या नळीला आतून आटे असतात, त्यांचे ओरखडे गोळीवर उमटतात. बाराबोरची नळी आतून गुळगुळीत, छरे कुठल्या नळीतून आले ते सांगता येत नाही. पण काडतुसाच्या बुडाला पिन आदळते तिची खूण राहते, आणि ती जुळवता येते. ही माहिती मला वकिलांनी दिली. अण्णांना सांगितली तेव्हा ते गप्पच झाले. चोरलेल्या नऊपैकी दोनच काडतुसं जीपमध्ये मिळाली होती. बाकीच्या सातांचं काय झालं, हा प्रश्न त्यांच्या मनात कधीपासून असावा. आता त्याला खूण मिळाली. पुढे अहवाल आला. बंदूक चालू स्थितीत, आणखी काही नाही. त्या रात्री अण्णा पोटभर जेवले, असं आईने फोनवर सांगितलं.

अहवालानंतरही खटला लगेच उभा राहत नाही. विनापरवाना शस्त्राच्या खटल्याला जिल्हा दंडाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते, शस्त्र कायद्याचं कलम ३९. ती येईपर्यंत सगळे ‘थांबा’ म्हणत होते. आम्ही पाच महिने थांबलो आणि ते चुकलं. थांबायची गरज नव्हती, हे तालुक्याच्या वकिलांनी पहिल्याच भेटीत सांगितलं. खटला चालू असतानाही माल मूळ मालकाच्या ताब्यात देण्याचा अधिकार न्यायालयाला असतो. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत त्यासाठी ४५१ आणि ४५७ ही कलमं होती. पोलिसांच्या हातात ते नसतंच. ठाणे अंमलदाराला कितीही विनवलं तरी तो कपाट उघडू शकत नाही. अर्ज न्यायालयात करायचा. त्यावर सरकारी वकिलांचा आणि तपास अधिकाऱ्याचा ‘से’ मागवतात, म्हणजे त्यांचं म्हणणं. आमच्या अर्जाच्या पहिल्या तीन तारखा ‘से’ आला नाही म्हणून गेल्या.

वकिलांनी अर्जाला सर्वोच्च न्यायालयाचा २००२ चा निकाल जोडला होता, सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य. असल्या अर्जांना तो हमखास जोडतात. मी तो मिळवून वाचला. मुद्देमाल पोलीस ठाण्यात फार काळ ठेवू नये, पंधरा दिवस ते एक महिना, त्यापेक्षा जास्त नाही. सविस्तर पंचनामा करावा, फोटो काढावेत, बंधपत्र घ्यावं आणि वस्तू हक्काच्या माणसाला द्यावी, असं त्यात स्वच्छ म्हटलं आहे. गंमत म्हणजे ते प्रकरण आलं कुठून? सुरतच्या एका पोलीस ठाण्यात मुद्देमालाची अदलाबदल आणि अपहार केल्याचा आरोप तिथल्या पोलीस कर्मचाऱ्यांवरच होता, त्यातून. मुद्देमाल जितका जास्त दिवस पडून राहील तितकी त्याला पाय फुटण्याची धास्ती जास्त, हे न्यायालयाने ओळखलं होतं. अण्णांना मी हे सांगायला नको होतं. पुढचे चार दिवस ते ‘माझीच देतले मा? दुसरी नाय मा देवचे?’ एवढंच विचारत होते.

दरम्यान परवाना नूतनीकरणाला आला. त्या वेळी मुदत तीन वर्षांची असे, २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाच झाली. नूतनीकरणाला शस्त्र तपासणीसाठी दाखवायचं असतं. शस्त्र न्यायालयाच्या हुकमात. आणि न्यायालय शस्त्र देणार ते चालू परवाना पाहून. टेबलापलीकडच्या कारकुनालाही ही फुगडी कळली, तो मनापासून हसला, आणि मग त्यानेच वाट काढून दिली: ठाण्याचा दाखला आणा, की अमुक नंबरची बंदूक अमुक गुन्ह्यात आमच्याकडे जप्त आहे. हे सगळं लिहिताना सरकारी यंत्रणेला सरसकट शिव्या द्याव्यात असं मला वाटत नाही ते यामुळे.

त्या वर्षीची खंडेनवमी मला आठवते. दरवर्षी अण्णा कोयते, पारई, पंप आणि बंदूक घासून-पुसून मांडतात. त्या वर्षी बंदुकीच्या जागी त्यांनी परवान्याचं पुस्तक ठेवलं, त्यावर हळद-कुंकू वाहिलं आणि झेंडूचं फूल ठेवलं. कुंकवाचा तो डाग आजही पहिल्या पानावर आहे. नूतनीकरणाच्या वेळी कारकुनाने तो नखाने खरवडून पाहिला म्हणे. दसऱ्याला पोलीस ठाण्यातही शस्त्रपूजन असतं. ‘तिका थंय फूल ठेवल्यानी असतला?’ अण्णांनी विचारलं. मी हो म्हणालो. माझ्या माहितीप्रमाणे पूजा सरकारी रायफलींची होते, मुद्देमालाच्या खोलीला तेव्हाही कुलूपच असतं.

आदेश झाला फेब्रुवारी २०१९ मध्ये. पन्नास हजारांचं बंधपत्र, एक जामीनदार आणि सुपूर्दनामा. त्यातल्या अटी अण्णांनी मोठ्याने वाचल्या. वस्तू विकणार नाही, कोणाला देणार नाही, तिच्या स्वरूपात बदल करणार नाही, न्यायालय बोलावील तेव्हा हजर करीन. चष्मा काढून म्हणाले, ‘म्हंजे माझीच बंदूक माका सांभाळूक दिल्यानी.’ इतकी नेमकी व्याख्या मला वकिलांकडूनही मिळाली नव्हती.

मुद्देमाल कारकुनाने कपडा सोडला तेव्हा अण्णांनी नंबर पाहिलाच नाही. दस्त्यावरून हात फिरवला. तिथे १९९१ साली पडलेली चीर आहे आणि तिच्यावर त्यांनी स्वतः गुंडाळलेली तांब्याची तार. नळीला आतून गंज धरला होता. चापाभोवती सुतळीने बांधलेलं पुठ्ठ्याचं लेबल: गुन्हा क्रमांक, कलम, पंचांच्या सह्या, लाखेचा लाल ठिपका.

बंदूक घरी बारा दिवस होती. १० मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली आणि परवानाधारकांनी शस्त्रं जमा करण्याची फर्मानं निघाली. कोणाचं शस्त्र जमा करायचं हे छाननी समितीने एकेकाचं प्रकरण पाहून ठरवायचं असतं. आमच्या गावात सगळ्यांना एकाच दिवशी, एकाच मजकुराची नोटीस आली. जूनमध्ये बंदूक परत मिळाली, ऑक्टोबरच्या विधानसभेआधी पुन्हा गेली. रस्ता तिला पाठ झाला असणार.

आता नवा कायदा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम ४९७ प्रमाणे माल न्यायालयापुढे आल्यावर चौदा दिवसांत त्याचं वर्णन नोंदवायचं, फोटो किंवा चित्रफीत काढायची आणि पुढच्या तीस दिवसांत तो कुठे द्यायचा ते ठरवायचं. तो फोटोच पुरावा म्हणून चालतो. कागदावर हे फार चांगलं आहे. ‘से’ किती दिवसांत यायचा, यावर ते प्रत्यक्षात कसं उतरतं हे कळेल.

आमचा खटला २०२३ मध्ये साक्षीला आला. अण्णा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. बंदूक आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून, भाड्याच्या गाडीने आम्ही न्यायालयात नेली. आरोपीच्या वकिलांनी विचारलं, ‘अशा एकनळी बंदुका तुमच्या भागात पुष्कळ असतात, हे खरं आहे?’ ‘खरं आहे.’ ‘मग हीच तुमची कशावरून?’ अण्णांनी तारेकडे बोट दाखवलं. ‘साहेब, ही तार पंप दुरुस्त करताना उरलेली. त्याच तारेचे उरलेले वेढे अजून पंपावर आहेत. पंप आणू?’ न्यायाधीश पहिल्यांदाच हसले आणि पंप नको म्हणाले.

निकाल अजून व्हायचा आहे. माकडं आता शेजाऱ्याकडे जात नाहीत, कारण आमच्याकडून बार निघत नाही. बार काढायला सुपूर्दनाम्यात मनाई नाही, असं वकिलांनी दोनदा सांगितलं. अण्णांचं म्हणणं, ‘स्वरूपात बदल’ म्हणजे काय ते वकिलापेक्षा आपल्याला जास्त कळतं. नळी ते तेलाने पुसतात, पण चापाभोवतीचं लेबल सोडत नाहीत. सुतळी कुजली तेव्हा आईने तशीच दुसरी आणून दिली. ती बांधताना त्यांनी मला व्हिडिओ कॉल लावून साक्षीदार ठेवलं. गेल्या खंडेनवमीला फुलं दोन होती. एक दस्त्यावर, एक लेबलावर.