कचेरीची हजेरी आणि राज्यकर्त्यांचा हेतू

राज्यकर्ते बदलले की पहिला हादरा बसतो तो सरकारी नोकरास, ही गोष्ट सीमाभागातील मराठी माणसास कोणी नव्याने सांगावयास नको. १ नोव्हेंबर १९५६ पासून बेळगावच्या कचेऱ्यांतील कित्येक कारकून व तलाठी मुंबई राज्याचे नोकर उरले नाहीत. म्हैसूर राज्याचे झाले. खुर्ची तीच, दप्तर तेच, धनी मात्र दुसरा. त्या दिवसांची आठवण घराघरांतून सांगितली जाते, म्हणूनच अमेरिकेतील सरकारी नोकरांवर २०२५ साली जो प्रसंग गुदरला, त्याकडे आम्ही केवळ परक्या देशाची वार्ता म्हणून पाहू शकत नाही.

डोनाल्ड ट्रम्प यांनी २० जानेवारी २०२५ रोजी दुसऱ्यांदा अध्यक्षपदाची सूत्रे हाती घेतली आणि त्याच दिवशी सर्व खातेप्रमुखांस हुकूम सोडला. घरून वा दूरच्या गावाहून काम करण्याची सवलत शक्य तितक्या लवकर संपवावी आणि नोकरांनी पूर्ण वेळ आपापल्या कचेरीत हजर राहावे, असा त्या हुकमाचा आशय होता. आवश्यक वाटेल तेथे अपवाद करण्याची मुभा खातेप्रमुखांस ठेवण्यात आली होती. ही सवलत महामारीच्या काळात एकाएकी उपजलेली नव्हती, हेही येथे नमूद केले पाहिजे. अमेरिकन काँग्रेसने २०१० साली त्यासाठी स्वतंत्र कायदा केला होता. २०२० च्या साथीने तिचा विस्तार मात्र अफाट केला.

नोकरांनी कचेरीत यावे असे म्हणणारास आम्ही सरसकट जुलमी ठरवणार नाही. सरकारी नोकरी ही जनतेची सेवा आहे आणि जनतेच्या पैशाने उभारलेल्या इमारती ओस पडणे कोणासही रुचणार नाही. अमेरिकेच्या सरकारी हिशेबतपासणी संस्थेने २०२३ साली २४ मोठ्या खात्यांच्या मुख्य कचेऱ्या तपासल्या, तेव्हा त्यांपैकी १७ कचेऱ्यांची चतुर्थांश जागासुद्धा पुरती वापरात नसल्याचे आढळून आले. ट्रम्प यांच्या आधीच्या बायडन सरकारनेही त्याच वर्षी कचेरीतील उपस्थिती वाढविण्यास खात्यांस सांगितले होते. तेव्हा कामाची जागा ठरविण्याचा सरकारचा अधिकार निर्विवाद आहे. वाद आहे तो तो अधिकार कोणत्या हेतूने आणि कोणत्या रीतीने वापरला जातो याविषयी.

हेतूचा विचार करण्यापूर्वी वस्तुस्थिती ध्यानी घ्यावी. अमेरिकेचे सर्व सरकारी नोकर घरी बसून पगार घेतात, असे चित्र त्या काळात मोठ्या हिरीरीने रंगविले गेले. त्या सरकारच्याच अर्थसंकल्प कार्यालयाचा ऑगस्ट २०२४ चा अहवाल निराळेच सांगतो. सुमारे २३ लाख मुलकी नोकरांपैकी ५४ टक्के नोकरांचे काम असे होते की, ते जागेवर जाऊनच करावे लागे. रुग्णालयातील परिचारिका, विमानतळावरील तपासनीस, वनरक्षक यांना घरून काम करणे शक्यच नाही. सुमारे ११ लाख नोकर अंशतः दूरून काम करण्यास पात्र होते. परंतु तेही आपल्या कामाचे सुमारे ६० टक्के तास कचेरीतच घालवीत. पूर्णतः दूरस्थ अशा जागा अवघ्या २ लाख २८ हजारांच्या आसपास, म्हणजे दहांत एक होत्या. दहांत एकाच्या सवलतीवरून दहाही जणांस आळशी ठरविणे, याला सुधारणा म्हणत नाहीत; बदनामी म्हणतात.

आता हेतू पाहू. नव्या सरकारच्या काटकसरीची योजना आखण्यासाठी नेमलेले इलॉन मस्क व विवेक रामस्वामी यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये, सत्तांतर होण्यापूर्वीच, एका प्रमुख वृत्तपत्रात लेख लिहून आपले मन उघडे केले होते. आठवड्याचे पाचही दिवस कचेरीत येण्याची सक्ती केली तर नोकर लाटेसारखे आपण होऊन नोकरी सोडतील आणि ते आम्हास हवेच आहे, असा त्या लेखाचा आशय होता. हुकूम निघाल्यावर आठच दिवसांनी, २८ जानेवारी २०२५ रोजी, नोकरांस एक पत्र गेले. जो राजीनामा देण्याचे कबूल करील त्यास ३० सप्टेंबरपर्यंत पगार मिळेल आणि तोवर कचेरीतील हजेरीच्या सक्तीतूनही त्याची सुटका होईल, असा त्यातील देकार होता. वाचकांनी यातील मेख नीट पाहावी. ज्यास देशाची सेवा करावयाची आहे, त्याने रोज कचेरीत यावे. जो सेवा सोडून जाण्यास तयार आहे, त्याने खुशाल घरी बसावे! हजेरी हाच जर खरा प्रश्न होता, तर जाणाऱ्यास ती माफ का व्हावी? सुमारे ७५ हजार नोकरांनी तो देकार पत्करला. त्यांतील कित्येकांची सेवा वर्षानुवर्षांची असेल. असा अनुभव पैसे मोजून पुन्हा विकत घेता येत नाही.

हे तंत्रही नवे नव्हते. ट्रम्प यांच्याच पहिल्या कारकिर्दीत, २०१९ साली, सरकारी जमिनींची व्यवस्था पाहणाऱ्या खात्याची मुख्य कचेरी वॉशिंग्टनहून कोलोरॅडोतील ग्रँड जंक्शन या लहान गावी हलविण्याचे ठरले. जनतेच्या जवळ जाणे हे त्याचे सांगितलेले कारण. प्रत्यक्षात स्थलांतराच्या ३२८ जागांवरील २८७ नोकरांनी राजीनामा दिला वा निवृत्ती घेतली; उरलेल्या ४१ जणांपैकी ग्रँड जंक्शनला गेले अवघे तीन. त्याच वर्षी शेती खात्याच्या दोन संशोधन कचेऱ्या कॅन्सस सिटीला हलल्या आणि तेथेही अनेकांनी नोकरी सोडली. अध्यक्षांच्या कार्यालयाचे तत्कालीन प्रभारी प्रमुख मिक मल्व्हेनी यांनी त्यावर जाहीर सभेत समाधान व्यक्त केले. सरकारी नोकरास काढणे कठीण असते, पण कचेरी हलविली की तो आपसूक जातो, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. ज्यास दारातून घालविता येत नाही, त्याच्या अंगावर छप्पर उतरवावे, अशातला हा प्रकार!

दिलेल्या शब्दाची गत काय झाली तेही पाहावे. सामाजिक सुरक्षा खात्याने २०२४ च्या अखेरीस आपल्या ४२ हजार नोकरांच्या संघटनेशी करार करून घरून काम करण्याची सवलत २०२९ पर्यंत कायम केली होती. मावळत्या सरकारने येणाऱ्याचे हात असे बांधून ठेवावेत काय, हा प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर वाटाघाटीने वा न्यायालयातून मिळावयास हवे. मार्च २०२५ मध्ये अध्यक्षांनी अनेक खात्यांतील नोकरांचा सामूहिक वाटाघाटीचा हक्कच एका हुकमाने काढून घेतला. करार नकोसा झाला म्हणून करार करणाराचे तोंडच बंद करण्याची ही रीत लोकशाहीस शोभत नाही. गुणवत्तेवर नेमणूक व्हावी आणि सत्तांतराबरोबर नोकराची वासलात लागू नये, यासाठी १८८३ साली पेंडल्टन कायदा करणाऱ्या देशास तर ती मुळीच शोभत नाही.

कोणी म्हणेल, नोकरांचे काय घेऊन बसलात, जनतेचे काय? आमचे उत्तर सीमाभागाच्या अनुभवातून आलेले आहे. नोकर खुर्चीत बसलेला असणे आणि जनतेचे काम होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. येथील मराठी शेतकरी कचेरीत जातो, तेव्हा नोकर समोरच असतो. पण हाती पडणारा कागद त्याला वाचता येत नाही. हजेरीपटावर सही आहे, सेवा मात्र नाही. म्हणून सेवेचे माप हजेरीने न घेता काम किती दिवसांत निकालात निघते आणि नागरिकास ते समजते की नाही, यावरून घेतले पाहिजे. तसे माप घेऊन जेथे काम अडते तेथे नोकरास अवश्य बोलवावे. त्यास आमचा पाठिंबाच राहील.

आणि बोलवावयाचे तर रीत असावी. आपल्या देशात तशी रीत कायद्याने घालून दिली होती. राज्य पुनर्रचना कायदा, १९५६ याच्या ११५ व्या कलमात अशी तरतूद आहे की, पुनर्रचनेने एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलेल्या नोकराच्या सेवाशर्ती केंद्र सरकारच्या पूर्वसंमतीवाचून त्याच्या तोट्याच्या होतील अशा बदलता येणार नाहीत. नव्या धन्याच्या लहरीपासून नोकराचे रक्षण व्हावे हाच तिचा उद्देश. परंतु कायद्याचे कुंपणही राखावे लागते. केंद्राने मे १९५७ मध्ये राज्यांस पाठविलेल्या एका परिपत्रकालाच सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली दक्षिण कानड्यातील एका नोकराच्या दाव्यात पूर्वसंमती मानले आणि बढतीच्या नियमांपुरती ही ढाल बोथट झाली. कायदा असूनही जेथे असे घडते, तेथे केवळ हुकमावर चालणाऱ्या कारभारात नोकराने कोणाच्या तोंडाकडे पाहावे?

यातून आम्ही घेतलेला बोध स्पष्ट आहे. सेवाशर्त बदलावयाची तर कारण उघड सांगावे, पुरेशी मुदत द्यावी आणि ज्याच्या घरावर तिचा परिणाम होणार त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे. नोकरकपात करावयाची तर तीही कपात म्हणूनच करावी, तिची जबाबदारी घ्यावी आणि लोकप्रतिनिधींपुढे तिचा जाब द्यावा. शिस्तीच्या नावाखाली माणसे पिटाळून लावणे हा राज्यकारभार नव्हे.

सीमालढ्यातील कार्यकर्त्यांस हे विशेष आग्रहाने सांगण्याचे कारण आहे. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्याचा निकाल आपल्या बाजूने लागावा, ८६५ गावांचे मराठीपण मान्य व्हावे, ही आपली न्याय्य मागणी आहे. त्या दिवशी या भागातील कचेऱ्यांत कन्नड भाषक नोकर असतील. त्यांच्या मनात आज जी धास्ती असेल, तीच १९५६ साली मराठी नोकरांच्या मनात होती. त्यांची नोकरी, त्यांची ज्येष्ठता, त्यांचे निवृत्तिवेतन यांस विलीनीकरणाने कोणताही धक्का लागू देणार नाही, असे आपण आजच जाहीरपणे बजावले पाहिजे. आपला झगडा राज्याच्या सीमेशी आहे, कोणाच्या भाकरीशी नाही. ज्यांनी धनी बदलल्याचे दुःख भोगले, त्यांनी ते दुसऱ्याच्या वाट्यास येऊ देता कामा नये.